फणसगाळीचे तळे आणि साय धरलेल्या काचा

बेळगाव

गुंजीच्या पुढचे रान ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी ते अवश्य पाहावे, पण जाताना कॅमेरा घरी ठेवावा. हा उपदेश खरे तर शेवटी करायचा, पण मी पडलो शाळामास्तर. उपदेश आधी आणि धडा नंतर, ही आमची जुनी खोड आहे.

मी बेळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मी गेलो होतो आरामखुर्ची घ्यायला आणि घेऊन आलो कॅमेरा. लाकडाची जडशीळ पेटी, पुढे भिंग, मध्ये कातड्याचा भाता, खाली तीन पायांची तिवई आणि वरून पांघरायला काळे फडके, असा तो सगळा संसार. आजकाल खिशात मावणारे कॅमेरे निघाले आहेत म्हणतात. आमच्या कॅमेऱ्याला खिसा नव्हे, हमाल लागतो.

या कॅमेऱ्यात काचा घालाव्या लागतात. काचेच्या एका बाजूला दुधासारखा मसाला चढवलेला असतो आणि त्याला उजेड लागला की चित्र धरते. म्हणून काच अंधारात बसवायची, अंधारात काढायची आणि अंधारातच औषधात बुडवायची. एवढा अंधार आमच्या घरात फक्त न्हाणीघरात आहे. त्यामुळे दर रविवारी मी आत आणि बाकीचे कुटुंब टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर, असा देखावा दुपारपर्यंत चालायचा.

बरे, इतके करून चित्रे यावीत, तर तेही नाही. किल्ल्याजवळच्या तलावाचे चित्र घ्यायला गेलो आणि कडेला एक म्हैस छान बसलेली पाहून तिलाही त्यात धरले. माझे भिंग सुस्त, काचा त्याहून सुस्त. आठ-दहा आकडे मोजेपर्यंत सगळ्या सृष्टीने स्तब्ध राहावे लागते. म्हशीने पाचव्या आकड्याला मान वळवली आणि काचेवर दोन तोंडांची म्हैस उमटली. आमच्या मंडळींनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, ती पाहून हात जोडले आणि विचारले, "हे कुठलं दैवत म्हणायचं?"

त्या हिवाळ्यात गावातल्या काही हौशी लोकांनी छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. विषय होता 'जलाशयाकाठची शोभा'. माझे मित्र बाबूराव वकील यांनी आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावलेला नाही, म्हणून त्यांना या कलेतले सगळे कळते. ते म्हणाले, "हे बघ, सृष्टिसौंदर्यात माणूस घुसला की सौंदर्य संपलं. तुझ्या चित्रात माणूस दिसता कामा नये. पाणी, झाडं, आभाळ आणि जमल्यास धुकं."

घरातही निर्वाणीचा खलिता मिळाला. मंडळी म्हणाल्या, "एक, फक्त एक चित्र असं आणा की जे माहेरच्यांना दाखवताना मला शेजारी उभं राहून समजावून सांगावं लागणार नाही. नाहीतर तुमची ही पेटी माळ्यावर आणि न्हाणीघर माझ्या ताब्यात."

अशा पेचात असताना भरमू आला. भरमू फणसगाळीचा शेतकरी. या गावाला गुंजी स्टेशनवर उतरून कणकुंबीकडच्या रानाच्या अंगाला बैलगाडीने जावे लागते. दरवर्षी आमच्या घरी तांदूळ घालायला तोच येतो. माझी कुचंबणा ऐकून तो म्हणाला, "आमच्या गावाला चला की मास्तर. तळं हाय आमचं. सकाळच्या पारी बगितलासा तर येडं व्हशीला."

वेडा तर मी आधीच होतो. नाताळच्या सुट्टीत निघालो.

गुंजी

आगगाडीत मी कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाकावर खानापूरकडची चार-पाच मंडळी होती. त्यातल्या एका फेटेवाल्याने बराच वेळ पेटीकडे पाहिले आणि अदबीने म्हणाला, "मास्तर, गाडी सुटलीया, वाजवा की एकादं पद."

मी म्हटले, ही वाजवायची पेटी नव्हे. त्याला वाटले मी भाव खातो आहे. आग्रह फारच वाढला तेव्हा मी पेटी उघडून दाखवली. नेमका भाता बाहेर आला. "ह्यो काय भाता!" सगळे एकदम ओरडले. मग पट्ट्या कुठे आहेत याचा शोध सुरू झाला. पट्ट्या सापडेनात तेव्हा फेटेवाला हळहळून म्हणाला, "फसवलं हो तुमास्नी. पट्ट्या काडून घेतल्यात आन नुसता भाता दिलाय." खानापूर येईपर्यंत सगळा डबा माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होता.

खानापूर सोडल्यावर मुलूख बदलतो. बेळगावची तांबडी मोकळी शेते मागे पडतात आणि दोन्ही अंगांनी झाडी जवळ येऊ लागते. बांबूची बेटे रुळांवर वाकून गाडीला नमस्कार करतात. मधूनच कापलेल्या भाताची खाचरे दिसतात, त्यात बगळे शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे एकेक पाऊल जपून टाकत हिंडत असतात. गुंजीला उतरलो तेव्हा अंगात स्वेटर असूनही थंडी वाजत होती. स्टेशनाबाहेर मिळालेला चहा इतका गोड होता की चमच्याने ढवळला नाही तरी चालला असता.

भरमू गाडी घेऊन आला होता. गाडीत भाताचे पिंजर, म्हणजे पेंढा, पसरून त्यावर त्याने मला आणि काचांना सारख्याच काळजीने बसवले. वाटेत ओढे इतके लागले की शेवटी मी भूगोल सोडून दिला. प्रत्येक ओढ्यात बैल थांबून पाणी पीत आणि भरमू विडी पेटवी. मी तिवईवर हात ठेवून काचांची खुशाली विचारत बसे.

फणसगाळी

आमच्याकडे पाहुणा आला की आधी चहा होतो आणि मग चौकशी. तिकडे आधी गूळ-पाणी, मग बराच वेळ काहीच नाही. सगळे नुसते तुमच्याकडे बघत बसतात आणि त्या बघण्यातच चौकशी उरकते. मी उतरलो ते भरमूच्या चुलतीच्या घरी. ती थोरल्या पाटलांची विधवा, सगळ्या गावाची आक्का. सत्तरीच्या पुढची, काटक, पांढरे लुगडे, आणि डोळे असे की वर्गातली शेवटची ओळसुद्धा सरळ बसावी. मी बेळगावचा कुंदा पुढे ठेवला. तिने एक घास तोंडात टाकला, मान डोलावली, पण नजर माझ्या तिवईवरून हटेना.

गावात काहीतरी बिनसले आहे हे मला हळूहळू जाणवू लागले. मी वाटेने येताना ओट्यांवर बसलेली म्हातारी माणसे एकेक करून आत सटकली होती. आणि आक्काचे धाकटे दीर, म्हणजे भरमूचे वडील आप्पा, जे पावसाळ्यापासून बाजेवर पडून आहेत असे मी गाडीत ऐकले होते, ते अंगणात कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडत होते. फोडता फोडता धापा टाकत आणि माझ्याकडे पाहून खच्चून हसत.

"बरं वाटतंय वाटतं आता?" मी विचारले.

"लई बरं!" आप्पा ओरडले. "मला काय धाड भरलीया? असलीच तर दुसऱ्याला बगा!"

मी भरमूला बाजूला घेतले. तो मान खाजवीत म्हणाला, "त्येचं असं हाय मास्तर. हितं आत्तापत्तूर एकच फोटू निगालाय." त्याने माजघराच्या भिंतीकडे बोट केले. तिथे थोरल्या पाटलांचे चित्र होते. पटका, काठी, पाठीला लावलेली उशी स्पष्ट दिसते आहे आणि वर सुकलेला हार. ते अंथरुणाला खिळल्यावर घरच्यांनी बेळगावहून फोटोवाला आणला होता. त्याने चित्र घेतले आणि आठवडा भरायच्या आत पाटील गेले.

"आमच्यात फोटू काडत्यात ते मानूस जायला लागल्यावर," भरमू म्हणाला. "चांगल्या मानसाचा कोन काडतंय? चांगला मानूस दिसतोयच की समोर."

मी हसलो आणि अंगणात येऊन मोठ्याने जाहीर केले, "मंडळी, घाबरू नका. मला कुणाचाही फोटो काढायचा नाही. मी आलोय तो फक्त तुमच्या तळ्याचा फोटो काढायला."

मला वाटले होते सगळे सुटकेचा श्वास टाकतील. आप्पांनी टाकला, आणि कुऱ्हाड तिथेच टाकून ते थेट बाजेवर गेले. बाकी सगळे आक्काकडे पाहू लागले. मग आक्का सावकाश म्हणाली, "तळ्याला काय झालंय?"

"काही नाही. सुंदर आहे म्हणून."

"सुंदर हाय ते आमाला ठावं हाय," आक्का म्हणाली. "झालंय काय ते सांग."

मी फार समजावले. जितके समजावले तितके चेहरे काळवंडले. हा शिकलेला माणूस, बेळगावात राहणारा, कचेऱ्यांच्या जवळचा. सरकारने तळे बुजवून त्यावरून सडक काढायची ठरवली असणार आणि जाण्याआधी एकदा फोटो काढून ठेवायला मास्तराला धाडले असणार, हे एव्हाना ठरून गेले होते.

उन्हे उतरायच्या आत काचा खोबणीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या चपट्या लाकडी डबीत, भरून ठेवाव्यात म्हणून मी एक घोंगडे मागितले. दारे लावून माजघरात बसलो, घोंगडे डोक्यावरून घेतले आणि चाचपडत खोबणीच्या दोन्ही बाजूंना एकेक काच बसवली. हे काम घामाघूम करणारे आहे. घोंगड्यातून तोंड बाहेर काढले तर समोर भरमूची बायको पारू हातात वाफाळता काढा घेऊन उभी.

"ताप चडलाय न्हवं? बसल्या बसल्या कुडकुडत हुतासा," ती म्हणाली. सुंठ-मिऱ्यांचा तो काढा मला पुरा प्यावा लागला. नको म्हणालो असतो तर दुसरा आला असता.

मग मी तळे पाहायला गेलो. पण त्याआधी एक सांगायला हवे. उरलेल्या काचांचा खोका मी माजघरात ठेवून गेलो होतो. परत आलो तर चुलीजवळ पितळेच्या तांब्यांच्या रांगेत माझ्या काचा उभ्या होत्या. स्वच्छ, पारदर्शक, चकचकीत! आरपार चूल दिसत होती.

"साय धरली हुती की काचांवर," पारू कौतुकाची वाट पाहत म्हणाली. "चिच लावून घासल्या. लई चिवट बाई, निगता निगंना."

पाहुण्याचे भांडे न घासता परत द्यायचे नाही, ही त्या घरची रीत. तिच्या हातांना चिंचेचा आणि माझ्या मसाल्याचा वास येत होता. "छान निघाल्या," म्हणालो आणि भाकरीला बसलो. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, लोण्याचा गोळा आणि मिरचीचा ठेचा. दुःखात जेवण जात नाही म्हणतात. मला चार भाकऱ्या गेल्या.

आता सारी मदार खोबणीतल्या त्या दोन काचांवर होती.

तळ्याकाठी

त्या तळ्याचे वर्णन करताना मला माझ्या भूगोलाची लाज वाटते. आम्ही वर्गात शिकवतो की तळे म्हणजे चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला पाण्याचा साठा. फणसगाळीचे तळे चारही बाजूंनी झाडांनी वेढलेले आहे आणि झाडे पाण्यात इतकी स्पष्ट पडतात की पक्षी नेमक्या कोणत्या फांदीवर बसला आहे याचा घोळ होतो. कडेने कमळाची पाने, त्यावरून लांब बोटांच्या पाणकोंबड्या तुरुतुरु चालतात. एका वाळक्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. एक खंड्या सरळ पाण्यात पडतो आणि वर येतो तेव्हा चोचीत मासा असतो. आणि या सगळ्यात कुणाला कसलीच घाई नाही. आदल्या संध्याकाळी मी तिथे एकटा उभा होतो तेव्हा बाबूरावांचे सिद्धांतसुद्धा मला पटले. इथे माणूस नकोच.

सकाळी पोचलो तर काठावर अख्खे गाव.

बायका धुणी आपटत होत्या. ज्यांची धुणी झाली होती त्या तीच पुन्हा धूत होत्या. गावातली यच्चयावत म्हसरे पाण्यात उतरवलेली. पुरुष घागरी भरून नेत होते आणि वळणावर ओतून पुन्हा भरायला येत होते. तळे किती गरजेचे आहे हे सरकारला, म्हणजे मला, दिसावे असा सगळा बेत. आप्पांना बाजेसकट आणून पिंपळाखाली ठेवले होते आणि ते मधूनमधून ओरडत होते, "ह्या पान्यावरच वाडलोय आमी!"

"जरा बाजूला व्हा," मी विनवले. "मला रोजच्यासारखं तळं हवंय."

"ह्ये रोजचंच हाय," सगळे म्हणाले आणि जोराने कामाला लागले.

मी तिवई घेऊन काठाकाठाने दूर गेलो आणि चिखल टाळून एक जागा निवडली. ती चिखलाचीच निघाली. काळ्या फडक्याखाली डोके घालून मी चित्र जुळवत असताना तिवईचा एक पाय सावकाश आत जाऊ लागला. फडक्याखाली सगळे उलटे दिसते, म्हणून तळे वर चढते आहे असे मला वाटले. खरे तर मी खाली चाललो होतो, आणि हे कळले ते काच बसवून झाल्यावर. कॅमेरा सावरायला हात टाकला, तर पाय सुटला आणि मी एका म्हशीच्या शेजारी जाऊन बसलो. पडता पडता हातातला, भिंग उघडणारा रबरी फुगा दाबला गेला आणि एक काच निव्वळ आभाळ टिपून वाया गेली. कॅमेरा भरमूने वरच्या वर झेलला. मला मात्र कुणी झेलले नाही. सगळे हसत होते. आप्पा तर बाजेवर उठून बसले होते. त्या हसण्याने तेवढ्यापुरती सरकारची भीती विसरली गेली आणि एका म्हातारीने आपल्या पदराने माझे तोंड पुसले.

दुपारी कपडे वाळेपर्यंत मी भरमूचे धोतर नेसून, घोंगडे पांघरून बसलो. एकच काच उरली होती. संध्याकाळकडे गाव कंटाळून घरी परतले, म्हसरे गोठ्यात गेली, आणि मी भरमूला घेऊन चोरपावलांनी पुन्हा तळ्यावर आलो.

या वेळी सगळे जुळून आले. ऊन तिरपे झाले होते. वारा नव्हता. पलीकडच्या झाडीची पाण्यात पडलेली सावली अगदी काठापर्यंत आली होती. मी खडकावर तिवई पक्की केली आणि फडक्याखालून भरमूला दाखवले. तो आत डोकावला आणि दचकून मागे सरला. "आरं देवा, तळं पालथं केलंय!" त्याने आत पुन्हा पाहिले, बाहेर पाहिले, आणि पाणी सांडलेले नाही याची खात्री करून घेतली.

मी काच बसवली. फुगा हातात घेतला. आणि समोर आक्का येऊन उभी राहिली.

ठेवणीतले पांढरे लुगडे नेसली होती. केस पाणी लावून चापून बसवले होते. मागे झाडांच्या आडून गावातली बरीच डोकी दिसत होती, म्हणजे चोरपावले फुकट गेली होती.

"आक्का, बाजूला व्हा. मला तळ्याचा फोटो घ्यायचाय."

"ठावं हाय. म्हनूनच आलोय."

"मग?"

"घ्यायचा तर माजा घे," आक्का म्हणाली. "तळं सोड."

मी म्हटले, "आक्का, फोटोनं कुणी जात नाही हो. माझा फोटो आहे, माझ्या बायकोचा आहे, आम्ही चांगले हिंडतोफिरतो."

"तुमी शेरातली मानसं. तुमास्नी सोसत असंल." ती जागची हलली नाही. "माजं काय रं, पिकलं पान. आमचं मालक वर वाट बगत बसल्यात. पर तळं गेलं तर ही म्हसरं काय माज्या तोंडाकडं बगून जगत्यात व्हय? काड माजा. पर सबूद दे, तळ्याला हात लावनार न्हाईस."

मला हसू यायला हवे होते, पण आले नाही. या बाईला खरोखर वाटत होते की माझी पेटी माणसाला नेते. तिने ते स्वतःच्या घरात पाहिले होते. आणि तरी ती चांगले लुगडे नेसून, आपल्या पायांनी चालत येऊन त्या पेटीपुढे उभी होती, एका तळ्यासाठी. मी कशासाठी उभा होतो? न्हाणीघरासाठी!

"शब्द दिला," मी म्हणालो. "तळ्याचा फोटो काढणार नाही. पण दहापर्यंत मोजेस्तोवर हलायचं नाही."

"बरं," आक्का म्हणाली.

मी घड्याळावर नजर लावली, फुगा दाबला आणि मोजू लागलो. पाच-सहाच्या सुमारास झाडामागून कुणीतरी फिसकन हसले. आप्पांचा मोठा खोकला ऐकू आला. मी घड्याळातून डोके वर काढले नाही. दहा झाले तेव्हा आक्का जिथल्या तिथे उभी होती, फक्त थोड्या धापा टाकत होती. मला वाटले, घाबरली असेल.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा पारूने माझ्या धुतलेल्या काचा पिंजरात बांधून पुढे केल्या. आता त्या कशाला हव्यात, तुम्हीच ठेवा, असे सांगून मी गाडीत बसलो.

पुन्हा बेळगाव

रविवारी न्हाणीघरात लाल दिव्याखाली ती काच औषधात टाकली. बाहेर दारावर थापा पडत होत्या. "अहो, पाणी निवतंय!" काचेवर हळूहळू चित्र वर येत होते आणि मी त्यात आक्काला शोधत होतो. मग कागदावर उतरवले आणि खात्री पटली.

तळे आले होते. सगळेच्या सगळे! झाडांचे पान न् पान, कमळे, पाण्यातली सावली आणि खुंटावरचा पाणकावळासुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून असे चित्र उतरले होते. आणि आक्का? आक्का नव्हतीच. तिच्या जागी पाण्याच्या काठावरून वर चढणारे एक पांढरे, तलम धुके होते आणि त्यातून पलीकडची कमळे दिसत होती.

मंडळींनी चित्र हातात घेतले, दाराच्या उजेडात नेले आणि हे काय आहे असे विचारले नाही. मग म्हणाल्या, "किती गोड धुकं आहे हो!" बाबूराव तर नाचायचेच बाकी राहिले. "हेच! हेच मी सांगत होतो! माणसाचा मागमूस नाही. उद्या प्रदर्शनात दे."

मी दिले नाही. तळ्याला हात लावणार नाही असा मी शब्द दिला होता, आणि काचेत तर तळेच सापडले होते. बाबूराव म्हणाले की कायद्याने मी निर्दोष आहे. कायद्याने होतोही. पण आक्कापुढे कायदा सांगायला बाबूराव येणार नव्हते.

तेवढ्यात उरलेला तांदूळ घेऊन भरमू आला. "आक्कानं इचारलंय, फोटू कसा आलाय?"

मी चित्र रुमालातून काढून त्याच्यापुढे धरले. त्याने आधी आक्का शोधली आणि ती नाही असे पाहून मांडीवर थाप मारून हसला. "सुटली बगा! ती म्हनलीच हुती. सारकी अंगासकट हिकडं-तिकडं डुलत हुती की ती, आन पदर वारा घाटल्यागत हालवत हुती. तुमचं घड्याळाकडं ध्यान. हलल्यालं मानूस फोटूत घावत न्हाय, तुमीच गाडीत सांगितलासा न्हवं, दोन तोंडाच्या म्हशीची गोष्ट? ती मी आक्काला सांगितली." मग त्याचे हसू हळूहळू उतरले. तो चित्रातल्या पाण्याकडे पाहत राहिला. "तळं बापडं कुटं हलनार."

"भरमू, यानं काही होत नाही."

"मला पटतंय मास्तर तुमचं," तो म्हणाला. "पर आक्काला काय सांगू?"

मी मंडळींकडे पाहिले. त्यांनी चित्र एव्हाना भरमूपुढून उचलून हातात घेतले होते. माहेरी दाखवायला त्यांनी ते आदल्या दिवशीच रुमालात गुंडाळून ठेवले होते. "म्हातारीला शब्द दिला होता ना?" त्या म्हणाल्या. "मग विचार कसला करता?" आणि त्या न्हाणीघरात गेल्या आणि चित्र बंबाच्या जाळात सारून आल्या. डोळे पुशीत होत्या, पण ते धुराने असेही म्हणता येईल.

मी ती काच कापडात बांधून भरमूच्या हाती दिली. "ही पारूला दे," म्हटले. "साय धरली आहे म्हणावं. चिंच लावून घासायची."

प्रदर्शनात मी दोन तोंडांची म्हैस ठेवली. तिच्यापुढे सगळ्यांत जास्त गर्दी झाली आणि एका आजींनी तिथे फूल वाहिले. पेटी माळ्यावर गेली नाही. मात्र रविवारी अकराच्या आत न्हाणीघर रिकामे करायचे, असा तह झाला.

पुढच्या दिवाळीनंतर मी मंडळींना घेऊन फणसगाळीला गेलो, हात हलवीत. या खेपेस कुणी आत सटकले नाही. आप्पा बाजेवर खुशाल झोपून होते आणि त्यांनी मला बघून कूससुद्धा बदलली नाही. आक्काने गूळ-पाणी दिले आणि आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेले. चुलीमागच्या भिंतीत पूर्वी तळ्याच्या अंगाला उघडणारा एक नुसताच झरोका होता, पावसाळ्यात त्यातून झड आत यायची. आता भरमूने त्याला लाकडी चौकट करून माझ्या काचा बसवल्या होत्या. "मदली ती शेवटची धाडलीसा ती," पारू हळूच म्हणाली.

आम्ही चुलीपुढे बसून त्या काचेतून पाहिले. पलीकडे झाडे होती, कमळे होती. एक बगळा उतरला. एक म्हैस पाण्यात बसली होती, तिने मान वळवली, आणि तोंड एकच राहिले.

"बग मास्तर," आक्का म्हणाली, "तुज्या काचंत तळं आलंय. आन हालतंय बी."